पित्ताशय तोंडावाटे काढायचं तर: प्राण्यावरचा प्रयोग, पायरीपायरीने

पोटाच्या कातडीवर छेद न देता पित्ताची पिशवी काढता येते का? येते. डुकरांमध्ये ते २००५ च्या सुमारास करून दाखवलं गेलं, माणसांमध्ये २००७ साली, जवळजवळ छेदाविना. तरीही आज कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये डोकावलं तर पित्ताशय निघताना दिसतं ते चार छोट्या छेदांतून, नेहमीच्या लॅपरोस्कोपीनेच, म्हणजे पोटात दुर्बीण आणि लांब अवजारं घालून. करून दाखवलेली गोष्ट रोजच्या वापरात का आली नाही, हे कळायला प्रयोगशाळेतल्या टेबलापाशी उभं राहून प्रत्येक पायरी बघावी लागते.

हा लेख मुख्यतः अशा विद्यार्थ्यासाठी आहे, जो सर्जरी, गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी किंवा पशुवैद्यक शिकतोय आणि अशा प्रयोगाच्या चमूत पहिल्यांदाच उभा राहणार आहे. बातमी वाचून कुतूहल वाटलेल्या इतरांनाही तो वाचता येईल; अवघड शब्द जिथल्या तिथे उलगडले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: पिशवी सोडवणं हा या प्रयोगातला कठीण भाग नाही. पित्ताशयाची नलिका बंद कशी करायची आणि आत शिरायला पाडलेलं भोक बुजवायचं कसं, या दोन प्रश्नांवर सगळा प्रयोग उभा राहतो किंवा कोसळतो. म्हणून आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करायची.

आधी थोडी पार्श्वभूमी

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली केली. त्यानंतर शंभर वर्षं पोट उघडूनच हे काम होत राहिलं. १९८५ मध्ये जर्मनीतल्या बोब्लिंगेन इथे एरिख म्युहे यांनी ते दुर्बिणीतून केलं आणि १९८७ मध्ये ल्याँच्या फिलिप मूरे यांनी. पुढच्या चार-पाच वर्षांत ही पद्धत इतक्या झपाट्याने पसरली की तिचं नीट मूल्यमापन होण्याआधीच ती सर्वमान्य होऊन बसली. त्याची किंमतही मोजावी लागली. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढलं.

ही आठवण ताजी होती, म्हणूनच पुढची पद्धत येऊ लागली तेव्हा लोक सावध होते. २००४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अँथनी कलू आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या जठराला भोक पाडून लवचिक एंडोस्कोप, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली नळी, थेट उदरपोकळीत नेल्याचं प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी पर-ओला पार्क, पॉल स्वेन आणि सहकाऱ्यांनी त्याच वाटेने डुकराचं पित्ताशय काढलं. या शाखेला नोट्स म्हणतात: तोंड, गुदद्वार, योनी किंवा मूत्रमार्ग अशा नैसर्गिक वाटेने आत शिरून, मधल्या अवयवाची भिंत ओलांडून केलेली शस्त्रक्रिया. २००५ मध्येच अमेरिकेतल्या एंडोस्कोपी आणि सर्जरीच्या दोन संघटनांनी एकत्र बसून अडथळ्यांची यादी केली. आत शिरणं, जठर बंद करणं, संसर्ग रोखणं, दिशाभान, रक्तस्राव आवरणं, प्रशिक्षण, असे मुद्दे त्यात होते. ती यादी आजही प्रयोगाच्या आखणीसाठी उत्तम तपासपत्र आहे.

पहिली पायरी: प्रश्न एकच ठेवा

"ही पद्धत चांगली आहे का?" हा प्रयोगाचा प्रश्न होऊ शकत नाही. "या क्लिपने बंद केलेलं जठर चौदा दिवस गळतीविना टिकतं का?" हा होऊ शकतो. प्रश्न असा आवळला की प्रयोगाचा प्रकारही आपोआप ठरतो. निव्वळ पोहोचता येतं का, दिसतं का, अवजार पुरतं का, एवढंच बघायचं असेल तर प्राण्याला भुलीतून उठवण्याची गरज नसते. काम संपताच भुलीतच त्याचा शेवट केला जातो. जखम भरणं, संसर्ग, गळती यांबद्दल काही म्हणायचं असेल तर मात्र प्राणी जगवावा लागतो, सहसा एक ते दोन आठवडे, आणि मग शवविच्छेदन.

दोन्हींची सरमिसळ करू नका. भुलीतच संपलेल्या प्रयोगावरून "सुरक्षित" हा शब्द लिहिणारे निबंध मी वाचले आहेत. त्यांतून फार तर एवढंच सिद्ध होतं की टेबलावर कुणी दगावलं नाही.

नैतिक समितीची मान्यता याच टप्प्यावर घ्यायची, नंतर नव्हे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं समितीसमोर जातात: प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, चालत नसेल तर संख्या कमी करता येईल का, आणि जे होणार आहे त्यातला त्रास कमी कसा करता येईल. समितीचा अर्ज ही कटकट वाटते खरी, पण तो नीट भरला की अर्धा प्रयोग कागदावर लिहून झालेला असतो.

दुसरी पायरी: प्राणी कोणता

उंदीर घेऊ, स्वस्त पडेल, असं कुणीतरी हमखास सुचवतं. घरातल्या नि प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, पित्ताशयच नसतं. घोड्यालाही नसतं. पांढऱ्या लहान उंदराला असतं, पण त्यात माणसाचा एंडोस्कोप जाणं शक्यच नाही. मेंढीला पित्ताशय आहे, पण ती रवंथ करणारी. तिच्या चार कप्प्यांच्या पोटातून वाट काढून माणसाबद्दल काही शिकता येत नाही. कुत्र्याची शरीररचना बऱ्यापैकी सोयीची असते, पण समाजाला नि समितीला ते रुचत नाही.

उरतं डुक्कर. तीस ते पन्नास किलोच्या डुकरात माणसाचीच अवजारं चालतात, जठर एकाच कप्प्याचं असतं आणि पित्ताशय यकृताच्या उजव्या मधल्या खंडाखाली ठरलेल्या जागी सापडतं. फरकही ध्यानात ठेवा. डुकराच्या यकृताचे खंड खोल फटींनी वेगळे झालेले असतात, त्यामुळे एक खंड उचलला तरी शेजारचा खाली घसरून समोर येतो. मुख्य पित्तनलिका लहान आतड्यात जठराच्या तोंडाजवळच उघडते आणि स्वादुपिंडाची नलिका तिच्यापासून वेगळी, बरीच पुढे. मोठं आतडं शंखासारखं गुंडाळलेलं असतं. म्हणून गुदद्वाराची वाट निवडणाऱ्यांना माणसातली मोजमापं इथे लागू करता येत नाहीत.

तिसरी पायरी: जिवंत प्राण्याआधी मृत अवयव

कत्तलखान्यातून अन्ननलिका, जठर, यकृत आणि पित्ताशय एकसंध काढून आणता येतं. ट्रेमध्ये बसवून, नळीने पाणी किंवा रंगीत द्रव खेळवून त्यावर जवळपास सगळ्या हालचालींचा सराव होतो. भोक पाडणं, फुगा फुगवून ते रुंद करणं, बाहेर पडून एंडोस्कोप उलटा वळवणं, क्लिप बसवणं आणि मुख्य म्हणजे भोक बुजवून त्याची फुटण्याची दाबमर्यादा मोजणं. जठरात हळूहळू हवा भरत जायची, दाबमापक लावायचा आणि गळती कुठल्या आकड्याला सुरू होते ते टिपायचं. शेजारी हाताने शिवलेलं जठर ठेवा, म्हणजे तुलना होते.

या पायरीवर कंजूषी नको. चमूतल्या प्रत्येकाला कुठलं अवजार कुणाच्या हातात आणि "थांब" कुणी म्हणायचं, हे इथेच ठरून गेलं पाहिजे. ट्रेवर जी क्लिप तीनदा निसटते ती जिवंत जठरावर एकदाही धड बसणार नाही.

चौथी पायरी: तयारी आणि भूल

तोंडावाटे जायचं असेल तर रिकामं जठर ही पहिली अट. डुकराचं जठर सावकाश रिकामं होतं. आदल्या दिवसापासून पातळ आहार, मग उपास, आणि पिंजऱ्यातला पेंढा काढून टाकायचा. ही शेवटची गोष्ट नवखे विसरतात. भुकेलं डुक्कर अंथरूण खातं आणि दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपच्या टोकाशी काडीकचरा दिसतो.

भूल देणारा पशुवैद्य अनुभवी हवा, यात तडजोड नाही. डुकराच्या श्वासनळीत नळी घालणं अवघड: तोंड लांब, घसा अरुंद आणि स्वरयंत्र चटकन आकसून घेणारं. घशात बघायला लांब सरळ पात्याचा लॅरिंगोस्कोप आणि घसा बधिर करायला लिडोकेनचा फवारा जवळ असू द्या. काही जातींत भुलीच्या वायूने अंगाचा ताप अचानक चढून जीव जाण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असते, मॅलिग्नंट हायपरथर्मिया. श्वासातला कार्बन डायऑक्साइड विनाकारण वर चढू लागला, अंग ताठरलं, की वायू लगेच बंद करायचा. त्यावरचं औषध, डँट्रोलीन, कपाटात नसेल तर त्या दिवशी प्रयोगच सुरू करू नये.

मग स्वच्छता. तोंडातून उदरपोकळीत जाणारा एंडोस्कोप निर्जंतुक नसतोच, वाटेत तो तोंड, घसा आणि जठर पार करतो. त्यावरचे उपाय तीन: निर्जंतुक केलेला एंडोस्कोप, त्याला बाहेरून झाकणारी जाड नळी म्हणजे ओव्हरट्यूब, आणि जठर जंतुनाशकाने धुणं. शिवाय शिरेतून प्रतिजैविक. यांतलं नेमकं काय केलं, ते प्रत्येक प्राण्यासाठी लिहून ठेवा, कारण नंतर पू सापडला तर पहिला प्रश्न हाच येतो.

पाचवी पायरी: भोक पाडणं

जागा: जठराच्या मधल्या भागाची पुढची भिंत. वरच्या आणि खालच्या कडेने मोठ्या रक्तवाहिन्या जातात, त्यांच्यापासून लांब. पोटावर बाहेरून बोट दाबलं की आत भिंत दबलेली दिसते, तिथे मधे दुसरा अवयव नाही एवढी खात्री मिळते. पूर्ण नव्हे, पण बऱ्यापैकी.

सुईसारख्या विद्युत चाकूने भिंत टोचायची, त्यातून तार सरकवायची, तारेवरून फुगा नेऊन भोक साधारण १८ ते २० मिलिमीटरपर्यंत ताणायचं आणि फुग्यामागोमाग एंडोस्कोप ढकलायचा. ताणलेलं भोक कापलेल्या भोकापेक्षा चांगलं. स्नायूंचे तंतू फाकतात, तुटत नाहीत. रक्त कमी येतं आणि एंडोस्कोप काढल्यावर भोक स्वतःहून थोडं आवळतं.

आत आल्यावर पोट फुगवावं लागतं. साध्या एंडोस्कोपी यंत्राची हवा वापरू नका. एक तर ती रक्तात सहज विरघळत नाही, शिरेत शिरली तर जिवावर बेतते. दुसरं, त्या यंत्राला पोटातल्या दाबाची काही कल्पना नसते, ते हवा सोडतच राहतं. कार्बन डायऑक्साइड वापरा आणि पोटाच्या भिंतीतून एक बारीक सुई घालून तिला दाबमापक जोडा. माणसात लॅपरोस्कोपीला १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका दाब ठेवतात. त्याच्या वर जाऊ देऊ नका. दाब चढला की शिरांमधून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि फुफ्फुसांना जागा उरत नाही. "एकही छेद नाही" या शब्दांच्या मोहाने ही सुई टाळणाऱ्यांची मला कीव येते. माणसावरच्या पहिल्या गाजलेल्या योनीमार्गी शस्त्रक्रियेतही, एप्रिल २००७ मध्ये स्ट्रासबर्गला जॅक मारेस्को यांच्या चमूने, २ मिलिमीटरची सुई पोटातून घातलीच होती.

सहावी पायरी: पित्ताशयापर्यंत पोहोचणं आणि ते धरून ठेवणं

इथे नोट्सची खरी परीक्षा सुरू होते. जठराच्या पुढच्या भिंतीतून बाहेर पडलेल्या एंडोस्कोपचं तोंड ओटीपोटाकडे असतं, आणि पित्ताशय आहे मागे, वर, यकृताखाली. म्हणजे एंडोस्कोप यू आकारात वळवून मागे बघायचं. वळल्याबरोबर तीन गोष्टी बिघडतात: चित्र उलटं होतं, डावं-उजवं मेंदूत अदलाबदल करून घ्यावं लागतं, आणि टोकाला जोर उरत नाही. लॅपरोस्कोपीचं अवजार कडक दांडा असतो, एंडोस्कोप लवचिक. त्याने यकृत उचलायला जाणं म्हणजे दोरीने दार ढकलणं.

म्हणूनच काही चमूंनी मोठ्या आतड्याची किंवा योनीची वाट धरली. खालून येणाऱ्या एंडोस्कोपला पित्ताशय नाकासमोर दिसतं, वळावं लागत नाही. बोस्टनच्या गटाने डुकरांमध्ये आतड्यातून पित्ताशय काढून प्राणी जगवले ते याच कारणासाठी. पोर्तुगालमधल्या रोलांडा आणि सहकाऱ्यांनी जठर आणि मूत्राशय अशा दोन वाटा एकाच वेळी वापरल्या: एकीकडून धरायचं, दुसरीकडून कापायचं. आतड्याच्या वाटेची अडचण सांगायला नको, तिथले जंतू जठरातल्यापेक्षा कित्येक पट जास्त.

धरून ठेवण्यासाठी तुमच्यापुढे चार पर्याय आहेत. दोन कामाच्या वाटा असलेला जाडसर एंडोस्कोप, ज्याच्या एका वाटेतून चिमटा आणि दुसरीतून चाकू. पण दोन्ही एकाच टोकातून निघत असल्याने ते एकमेकांना समांतर चालतात आणि चिमटा हलवला की चाकूही हलतो. दोन स्वतंत्र एंडोस्कोप. जागा आणि माणसं दुप्पट लागतात. पोटाबाहेर ठेवलेला चुंबक आणि आत पित्ताशयाला लावलेला दुसरा चुंबक. बारीक डुकरात छान चालतो, पोटाची भिंत जाड झाली की ओढ झपाट्याने घटते. चौथा पर्याय सर्वांत साधा: पोटाच्या भिंतीतून ५ मिलिमीटरचा एक ट्रोकार, म्हणजे अवजार आत नेणारी कडक नळी, आणि त्यातून कडक चिमटा. याला संकरित पद्धत म्हणतात. माझं मत विचाराल तर पहिल्या काही प्राण्यांत ट्रोकार घालाच. तुमचा प्रश्न जठर बंद करण्याचा असेल तर पित्ताशय कुणी धरलं याने उत्तर बदलत नाही, आणि प्राणी वाया जात नाही.

टेबल डोक्याकडून उंच आणि डावीकडे किंचित कललेलं ठेवा. आतडी खाली सरकतात आणि गुरुत्वाकर्षण फुकटात मदत करतं.

सातवी पायरी: त्रिकोण

पित्ताशयाची मान, यकृताची कड आणि मुख्य पित्तनलिका यांमधल्या त्रिकोणी जागेत सगळा धोका साठलेला असतो. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये ठामपणे मांडलेला नियम इथेही तोच: काहीही कापण्याआधी त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ झालेले असावेत, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलेला असावा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि फक्त दोनच गोष्टी दिसत असाव्यात, नलिका आणि धमनी. हे दृश्य एंडोस्कोपच्या पडद्यावर मिळालं की नाही याचा फोटो प्रत्येक प्राण्यात काढा. मिळालं नाही तर तसं लिहा. तोही निष्कर्षच आहे, आणि बऱ्याचदा सर्वांत उपयोगी.

आता नलिका बंद करायची. एंडोस्कोपीच्या कपाटातली नेहमीची क्लिप रक्तस्राव थांबवण्यासाठी बनलेली असते. ती आतल्या नाजूक अस्तराला चावते आणि काही दिवसांत गळून पडते. नलिकेभोवती तिचे जबडे पूर्ण मिटतीलच असं नाही. दोन पात्यांमध्ये फट राहते आणि पित्त झिरपतं. लॅपरोस्कोपीची टायटॅनियम क्लिप वेगळ्या घडणीची, पण तिचं अवजार एंडोस्कोपच्या अरुंद वाटेतून जात नाही. २.८ किंवा ३.८ मिलिमीटरची ती वाट. उपाय म्हणून नायलॉनचा फास वापरता येतो, किंवा ट्रोकार असेल तर त्यातून नेहमीची क्लिप. एंडोस्कोपीच्याच क्लिप वापरायच्या असतील तर राहणाऱ्या बाजूला एकापेक्षा जास्त लावा आणि शवविच्छेदनात त्या कुठे आहेत हे शोधाच.

धमनी बारीक असते, पण तिच्यातून रक्त उडालं की कॅमेऱ्याच्या भिंगावरच येतं आणि दोन सेकंदांत सगळं लाल. लॅपरोस्कोपीत दुसऱ्या हाताने दाबून धरता येतं, इथे दुसरा हात नसतो. म्हणून मोठा रक्तस्राव झाल्यास पोट उघडायचं की प्रयोग थांबवायचा, हे आधी लेखी ठरलेलं हवं.

आठवी पायरी: सोडवणं आणि बाहेर काढणं

डुकराचं पित्ताशय पातळ भिंतीचं आणि निरोगी असतं. यकृतापासून ते हुकाने किंवा विद्युत चाकूने थोड्या वेळात सुटतं. फाटून पित्त सांडलं तर नोंद करा आणि धुवून घ्या. मग फासात धरून ओव्हरट्यूबमधून तोंडावाटे बाहेर. खडे नसल्यामुळे ते मुकाट निघतं. खड्यांनी भरलेली, सुजलेली माणसाची पिशवी अन्ननलिकेतून इतक्या सुखाने येणार नाही, हे मात्र डोक्यात असू द्या.

नववी पायरी: भोक बुजवणं

या पायरीसाठी दिवसातला सर्वांत ताजा वेळ राखून ठेवायला हवा, आणि नेमका इथेच चमू दमलेला असतो. म्हणून वेळेची मर्यादा आखा: अमुक वाजेपर्यंत पित्ताशय सुटलं नाही तर ट्रोकार वाढवायचे, पण बंद करण्याचा वेळ कापायचा नाही.

साध्या क्लिपांनी फक्त आतलं अस्तर जवळ येतं. खालचा स्नायू तसाच उघडा राहतो, आणि जठर फुगलं की क्लिपा सुटतात. भिंतीची पूर्ण जाडी धरणारं काहीतरी लागतं. त्यात तीन मार्ग जास्त वापरले गेले. पहिला, सुईने दोन्ही कडांपलीकडे धाग्याला बांधलेल्या आडव्या कांड्या सोडायच्या आणि धागे ओढून आवळायचे. स्वस्त, पण सुई भिंतीपलीकडे आंधळेपणाने जाते. मागे आतडं असेल तर तेही टोचलं जातं. दुसरा, एंडोस्कोपच्या टोकावर चढवलेली निटिनॉल या लवचिक मिश्रधातूची मोठी क्लिप, जी भिंतीचा घास ओढून घेऊन त्यावर मिटते. सोपी, जलद आणि रोजच्या एंडोस्कोपीत आतड्याला पडलेलं छिद्र बुजवायलाही आता सर्रास वापरली जाते. तिसरा, एंडोस्कोपवर बसवलेलं शिवणयंत्र. उत्तम टाके, पण हात बसायला वेळ लागतो.

एक चौथी कल्पनाही आहे, आणि मला तीच सगळ्यांत सुंदर वाटते. मेयो क्लिनिकच्या गटाने डुकरांमध्ये अस्तराचा छेद आणि स्नायूचा छेद एकाच रेषेत न ठेवता मधे एक बोगदा खणला. एंडोस्कोप अस्तरातून शिरतो, बोगद्यातून काही सेंटिमीटर सरकतो आणि पुढे स्नायूतून बाहेर पडतो. परत येताना अस्तराचा पडदा स्नायूच्या भोकावर झडपेसारखा बसतो. फक्त अस्तर क्लिपांनी मिटलं की झालं. पित्ताशयासाठी हे फारसं पुढे गेलं नाही. पण अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा आखडलेला स्नायू कापण्यासाठी पंकज पसरिचा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डुकरांत बोगद्याची वाट दाखवली, हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये योकोहामात ती माणसावर वापरली, आणि पोएम या नावाने ती शस्त्रक्रिया आज जगभर होते.

भोक बुजवल्यावर तपासल्याशिवाय एंडोस्कोप काढू नका. जठरात मिथिलीन ब्लू हा निळा रंग सोडा आणि पोटात निळं काही दिसतं का बघा, किंवा जठर फुगवून बाहेरून बुडबुडे बघा. ट्रोकार असेल तर हे बघणं सोपं होतं.

दहावी पायरी: पुढचे दिवस

वेदनाशामक नियमित, वेळेवर. डुक्कर दुखणं लपवतं. खाणं, पाणी, उभं राहणं, तापमान आणि वजन रोज लिहा. वाढत्या वयाच्या डुकराचं वजन या काळात वाढायलाच हवं. नुसतं स्थिर राहिलं तरी काहीतरी चुकतंय असं समजा. रक्तात पांढऱ्या पेशी आणि बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य) ठरलेल्या दिवशी. कुठली लक्षणं दिसली की प्राण्याला आणखी त्रास होऊ न देता त्याचा शेवट करायचा, हे प्रयोग सुरू होण्याआधीच लिहून पशुवैद्याच्या हाती दिलेलं असावं. तो निर्णय त्याचा, प्रयोगकर्त्याचा नव्हे.

शवविच्छेदनात घाई होते, कारण सगळ्यांना जठराची जखम बघायची असते. क्रम असा ठेवा: पोट उघडताच आधी द्रवाचा नमुना जंतुपरीक्षेसाठी, मग चिकटलेल्या भागांचे फोटो, मग यकृताखाली पित्त साठलंय का. त्यानंतर मुख्य पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडून ती अखंड आहे का आणि बंद केलेल्या नलिकेचा बुंधा टिकतो का ते पहा. जठर सर्वांत शेवटी: बाहेरून, आतून, फुगवून आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली. शक्य असेल तर हे बघणाऱ्याला कुठल्या प्राण्यात कुठली पद्धत वापरली ते ठाऊक नसावं.

अकरावी पायरी: आकडे काय म्हणतात, काय म्हणत नाहीत

समजा दहा डुकरांपैकी एकाचंही जठर गळलं नाही. खुशीची गोष्ट. पण संख्याशास्त्र सांगतं की दहात शून्य म्हणजे खरं प्रमाण २६ टक्क्यांपर्यंतही असू शकतं, ९५ टक्के विश्वासाने. वीसात शून्य असेल तरी वरची मर्यादा १४ टक्क्यांच्या आसपास. ढोबळ हिशोबासाठी तीनला प्राण्यांच्या संख्येने भागा. आता हेच मुख्य पित्तनलिकेच्या इजेला लावा. लॅपरोस्कोपीत ती हजारात दोन ते पाच जणांना होते. नवी पद्धत हजारात तीनपेक्षा वाईट नाही एवढं म्हणायला एकाही इजेविना हजार प्राणी लागतील. कुणीही हजार डुकरं कापणार नाही, कापूही नयेत. म्हणजे "पित्तनलिकेला इजा झाली नाही" हे वाक्य प्राण्यांवरच्या निबंधात कितीही ठळक छापलं तरी त्याला वजन नाही.

आणखी एक. डुक्कर तरुण, सडपातळ, आजार नसलेलं. त्याच्या पित्ताशयाला कधी सूज आलेली नसते, खडे नसतात, आधीच्या शस्त्रक्रियेचे चिकटलेले पडदे नसतात. ज्या माणसाचं पित्ताशय काढायचं असतं त्याच्याकडे यांपैकी बरंच काही असतं. म्हणून निबंध वाचताना मी सारांश सोडून थेट तीन जागा बघतो: तुलनेसाठी लॅपरोस्कोपीचा गट होता का, सरावातले प्राणी आकड्यांतून गुपचूप वगळले आहेत का, आणि किती ठिकाणी ठरलेली पद्धत सोडून ट्रोकारची मदत घ्यावी लागली. प्राणीप्रयोग कसे लिहावेत याची अराइव्ह नावाची मार्गदर्शक सूची २०१० पासून आहे, २०२० मध्ये ती सुधारली गेली. तुमचा निबंध तिच्याशी ताडून बघा, या तिन्ही गोष्टी त्यात आपोआप येतात.

माणसाकडे जाताना

डुकरात जमलं म्हणून लगेच शुद्ध नोट्स माणसावर करायची नसते. पहिल्या शस्त्रक्रिया लॅपरोस्कोपच्या नजरेखाली होतात: नाभीतून एक कॅमेरा आत बघत असतो, त्रिकोण नेहमीच्या दृष्टीने तपासला जातो आणि नेहमीची क्लिप लावली जाते. नवीन असतं ते एकच काहीतरी, वाट किंवा बंद करण्याचं साधन. प्रत्यक्षात घडलंही तसंच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन नोंदवहीत ५५१ शस्त्रक्रिया होत्या. बहुतांश पित्ताशयाच्या, बहुतांश योनीमार्गे, आणि जवळपास सगळ्या संकरित, नाभीतल्या छोट्या ट्रोकारच्या मदतीने आणि कडक अवजारांनी. योनीची भिंत नेहमीच्या टाक्यांनी, डोळ्यांसमोर शिवता येते. जठराची वाट मागे पडली, कारण तिथलं भोक बुजवायला तितकंच खात्रीचं काही सर्जनच्या हातात नव्हतं.